दिल्लीतली खुर्ची बदलते तेव्हा गावाची अपेक्षा कशी मोजायची आणि कोणत्या दारात न्यायची?

पत्र : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावात एक लहानसं वाचनालय आहे, मी त्याचा चिटणीस. दिल्लीत पंतप्रधान बदलणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही पोल टाकला : ‘नव्या पंतप्रधानांकडून आपली पहिली अपेक्षा काय?’ पर्याय चार दिले. सीमाप्रश्न, नोकऱ्या, महागाई, रस्ते-रेल्वे. ग्रुपमध्ये २१४ जण आहेत. ६१ जणांनी मत दिलं, त्यातल्या ४८ जणांनी सीमाप्रश्न निवडला. त्यावरून वादावादी झाली आणि कानडी बोलणारी दोन घरं ग्रुपमधून बाहेर पडली. गावात मतदार ११४० आहेत. तरुणांचं म्हणणं, हा आकडा घालून शपथविधीच्या दिवशीच पंतप्रधानांना निवेदन धाडायचं. म्हातारी मंडळी म्हणतात, ‘किती आले नि किती गेले, आमचं काय झालं वो?’ आम्ही काय करावं?

उत्तर :

चिटणीस महाशय, नमस्कार. निवेदन जरूर पाठवा. पण हा आकडा त्यात घालू नका, आणि शपथविधीच्या दिवशी तर मुळीच पाठवू नका. त्या दिवशी दिल्लीत फक्त अभिनंदनं पोचतात.

आधी आकड्याचं बघू. ६१ पैकी ४८ म्हणजे ७९ टक्के, कागदावर भारदस्त दिसतो. पण ११४० मतदारांत ६१ म्हणजे शंभरात पाच. हे पाच कोण? ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, जे ग्रुपमध्ये आहेत आणि जे त्या संध्याकाळी फोन उघडून बसले होते ते. त्यात बायका किती होत्या, हे एकदा मोजून बघा. शिवाय व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी कशावर बोट ठेवलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. देवळात पंचांसमोर हात वर करायला लावावा, तसाच हा प्रकार. सीमाभागातल्या मराठी गावात सगळ्यांच्या देखत सीमाप्रश्न सोडून महागाईवर बोट ठेवायला छाती लागते. ज्यांना ती नाही ते गप्प बसतात. तुमच्या ग्रुपमधले १५३ जण गप्प बसले. त्यांचं मत त्या ४८ जणांसारखंच आहे असं धरायला काहीही आधार नाही, आणि उलट आहे असं धरायलाही नाही.

यापेक्षा मोठी खोट प्रश्नात आहे. ‘अपेक्षा’ या शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो : काय व्हावं आणि काय होईल. म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो ‘काय होईल’ याचं उत्तर देतो, म्हणजे ‘काही नाही’. कॉलेजातला पोरगा ‘काय व्हावं’ याचं देतो. मग दोघं कट्ट्यावर भांडत बसतात. भांडण मताचं नसतंच, दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात. नेतृत्व बदलाच्या काळात हा गोंधळ सगळीकडेच होतो, कारण तेव्हा माणसं इच्छा आणि अंदाज एकाच श्वासात बोलतात. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे करून विचारा.

आता पाहणी नव्याने कशी करायची ते. गावात ११४० मतदार म्हणजे अंदाजे तीनशे घरं असतील. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवरून किंवा स्वतः गल्ली-गल्ली फिरून घरांना ओळीने नंबर द्या. वाडीवरची, शेतातली, गावठाणाबाहेरच्या वस्तीतली घरं यादीतून हमखास गळतात, ती आठवणीने घाला. मग १, २, ३ अशा तीन चिठ्ठ्या करून एक उचला. २ आली तर २, ५, ८, ११ असं प्रत्येक तिसरं घर. म्हणजे शंभरेक घरं झाली. ओळखीचं म्हणून एखादं घर घालायचं नाही आणि कुत्रं अंगावर येतं म्हणून एखादं गाळायचं नाही.

घरात कोणाला विचारायचं, ही खरी अडचण. दार उघडतो तो कर्ता पुरुष, आणि पाहणी त्याचीच होऊन बसते. शहरी पाहण्यांत ‘ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आहे तो’ अशी युक्ती वापरतात. आपल्याकडे ती चालत नाही. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख आधारवर १ जून किंवा १ जानेवारी असते, ती शाळेत किंवा कार्ड काढताना कुणीतरी अंदाजाने टाकलेली. त्यापेक्षा घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने कागदावर मांडा आणि चिठ्ठी काढा. सून निघाली तर सूनच. सासूबाई ‘तिला काय कळतंय, मी सांगते की’ म्हणतील, तेव्हा त्यांचं हसून ऐकून घ्या, पण फॉर्म सुनेच्याच उत्तराचा भरा. शक्य तर तिच्याशी परड्यात किंवा गोठ्याशी बोला. यासाठी जोडी एक बाई, एक पुरुष अशी पाठवा, आणि प्रत्येक जोडीत एकाला तरी कानडी आलं पाहिजे. फॉर्मच्या एका बाजूला मराठी, मागे कानडी. गळ्यात भगवा स्कार्फ नको, कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा नको, कुठल्या पक्षाची टोपी नको. दारातल्या माणसाचं उत्तर तुमच्या गळ्याकडे बघून बदलतं.

निवडलेलं माणूस घरात नसेल तर पुन्हा जा. तीन खेपा, तीन वेगळ्या वेळी. शेजारच्याला विचारून भागवलंत की पाहणी बिघडली, कारण घरी सापडणारी माणसं एका तऱ्हेची असतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्टला जाणारा, गोव्याला कामाला जाणारा, पहाटे दूध घेऊन बाहेर पडणारा, ही माणसं दुपारी सापडत नाहीत. रोप लावणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत तर पाहणी ठेवूच नका, घरात पोरं आणि म्हातारी माणसंच भेटतील. पुण्याला राहणारे पण मतदार यादीत नाव असलेले घ्यायचे की नाही, हे आधी ठरवून लिहून ठेवा. ‘आठवड्यातून चार रात्री गावात झोपतो तो गावचा’ असा काहीतरी रोखठोक नियम बरा.

प्रश्न सहाच्या वर नेऊ नका. पहिला मोकळा असू द्या : ‘येत्या वर्षभरात तुमच्या घरच्या कोणत्या एका गोष्टीत फरक पडायला हवा?’ पर्याय वाचून दाखवू नका. माणूस बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘पोराला बेळगावात काम मिळालं पाहिजे, पुण्याला जायला नको’ असं कोणी म्हणालं तर तसंच्या तसं. त्याचं ‘रोजगार’ करणं नंतरचं काम, ते घरी बसून करा. दुसरा : ‘ही गोष्ट कोणाच्या हातात आहे असं तुम्हाला वाटतं?’ ग्रामपंचायत, बेंगळूर, दिल्ली, कोर्ट, माहीत नाही. तिसरा : ‘पंतप्रधान बदलल्यामुळे यात फरक पडेल असं वाटतं का?’ नक्की, थोडाफार, नाही, सांगता येत नाही. चौथा सीमाप्रश्नाचा. ‘सीमाप्रश्न सुटावा असं वाटतं का?’ असा विचारू नका, शंभरातले शंभर ‘हो’ म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. ‘केंद्राने सीमाप्रश्नात पुढच्या वर्षभरात सगळ्यात आधी काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न माणसाला विचार करायला लावतो. पाचव्यात आणि सहाव्यात वय आणि घरात बोलली जाणारी भाषा. हे शेवटीच. भाषा आधी विचारली की पुढची सगळी उत्तरं त्या रंगात भिजून येतात.

कोणाला मत दिलं, हे विचारूच नका. लोकसभा निवडणुकीचे दिवस असतील तर जास्तच सांभाळा. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल घेणं आणि तो छापणं किंवा पसरवणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘आमच्या गावात अमक्याला इतकी मतं पडली’ असा ग्रुपवरचा आकडासुद्धा त्यात सापडू शकतो.

दारात हमखास एक प्रश्न उलटा येईल : ‘गृहलक्ष्मीचे दोन हजार बंद होणार काय?’ (घरच्या कर्त्या बाईला कर्नाटक सरकार महिन्याला देतं ते.) कागद-पेन घेऊन कोणी आलं की लोकांना सरकारी सर्व्हेच वाटतो. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा : वाचनालयातून आलोय, नाव लिहिणार नाही, रेशन कार्डाशी आणि कुठल्या योजनेशी याचा संबंध नाही. मोबाईल नंबर मागू नका. आधी पाच माणसांवर प्रश्न घासून बघा. एखाद्याने दोनदा ‘म्हणजे काय?’ विचारलं तर दोष त्याचा नाही, वाक्य बदला.

मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि मग ताडून बघायची. शंभर घरांपैकी ८४ जणांनी उत्तरं दिली तर ‘१०० पैकी ८४’ असंच लिहा, १६ लपवू नका. शंभराच्या आसपास उत्तरं असली की आकडा दहा टक्के इकडे किंवा तिकडे सरकू शकतो. म्हणजे ५२ विरुद्ध ४८ याला बहुमत म्हणायचं नाही, ते बरोबरीत आहेत. हा फरक पाच टक्क्यांवर आणायचा तर तुमच्याएवढ्या गावात तीनशेच्या आसपास उत्तरं लागतात, म्हणजे जवळजवळ तिप्पट खेपा. तुमच्या गावाला शंभर पुरेत. ७० विरुद्ध ३० इतकी फारकत असेल ती शंभरातही दिसते.

ही पाहणी एकदा करून थांबू नका. नव्या माणसाचा शपथविधी झाला की पहिला महिनाभर सगळ्यांच्या आशा फुगलेल्या असतात. नव्याचे नऊ दिवस ते. तेच प्रश्न, तेच शब्द, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. एका आकड्यापेक्षा या दोन आकड्यांमधला फरक गावाबद्दल जास्त सांगतो.

आता ज्येष्ठांचं. ‘किती आले नि किती गेले’ हे म्हणणं कडवट असलं तरी निराधार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हा नेहरू पंतप्रधान होते. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री वारले, इंदिरा गांधी आल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. बदलानंतर काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही. पण १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह काही गावं महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच, अशी शिफारस निघाली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि प्रश्न होता तिथेच राहिला. पुढे १९९६ च्या लोकसभेला देशाचं लक्ष वेधावं म्हणून बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे राहिले. त्या वर्षी दिल्लीत वाजपेयी १३ दिवस टिकले आणि त्यांच्यामागून देवेगौडा आले, म्हणजे कर्नाटकचाच माणूस पंतप्रधान झाला. अशा भाऊगर्दीच्या निवडणुकांनंतर त्याच वर्षी खुल्या गटाची अनामत ५०० वरून १०,००० रुपयांवर गेली, पुढे २५,००० झाली. लक्ष वेधलं गेलं, पण ते अनामतीकडे.

२००४ पासून मात्र प्रश्नाची जागाच बदलली आहे, आणि हे तुमच्या तरुणांना नीट समजावून सांगा. महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. १४ डिसेंबर २०२२ ला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं तेव्हाही ठरलं ते एवढंच की न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी कोणाच्या भागावर हक्क सांगायचा नाही आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी मिळून बारीकसारीक तंटे बघायचे. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम ३ प्रमाणे संसदेचा आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, संबंधित विधानसभांचं मत मागवलं जातं, पण ते मत बांधून ठेवणारं नसतं. नवा पंतप्रधान सही करून हा प्रश्न सोडवू शकत नाही. ज्या निवेदनात ‘आपण तातडीने सीमाप्रश्न सोडवावा’ एवढंच लिहिलेलं असतं त्याला ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते चूकही नसतं.

मग लिहायचं काय? पाहणीतल्या मोकळ्या उत्तरांच्या गड्ड्या करा आणि प्रत्येक गड्डीवर दार लिहा. दिल्लीवर फोडलेली निम्मी खापरं बेंगळूरची निघतील. उलटही होईल. गृहलक्ष्मी, शक्ती योजनेची बायकांना मोफत बस, मराठी शाळेतली शिक्षकाची रिकामी जागा, ही सगळी राज्याची. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार केंद्राचे. रेशनवरचे माणशी पाच किलो केंद्राचे, त्यावर मिळतं ते राज्याचं. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी कणकुंबीजवळून वळवायचं की नाही, यात म्हादई पाणी लवादाचा २०१८ चा निवाडा आहे, वन्यजीव आणि पर्यावरणाच्या मंजुऱ्या केंद्राच्या आहेत आणि काम राज्याचं आहे. तुमच्याच तालुक्यात यावर दोन मतं आहेत, तेव्हा या गड्डीत दोन्ही मतं जशीच्या तशी ठेवा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा केंद्राने दिला. पण त्यातून खानापूरच्या शाळेला शिक्षक मिळत नाही, ते दार वेगळं.

उसाचं उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण इथे भलेभले चुकतात. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, दिल्ली ठरवते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये. ऊस कारखान्यात गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, हेही केंद्राच्याच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण थकबाकी वसूल करायची यंत्रणा राज्याची : ऊस आयुक्त आणि जिल्हाधिकारी. म्हणजे ‘दर वाढवा’ हे दिल्लीला लिहायचं, ‘माझे पैसे थकलेत’ हे जिल्हाधिकाऱ्यांना. लाखभर रुपये चौदा दिवसांच्या वर आणखी साठ दिवस अडकले तर व्याज साधारण २,४६६ रुपये होतं. वजनकाट्याच्या पावतीची तारीख घालून हा हिशोब मांडलेला अर्ज पंतप्रधानांना लिहिलेल्या चार पानी पत्रापेक्षा जास्त हलतो.

केंद्राच्या दारात जायचे रस्ते तीन. तक्रारीसाठी केंद्राचा पीजी पोर्टल, म्हणजे तक्रार निवारणाची वेबसाइट, आहे. २०२४ पासून तक्रार २१ दिवसांत निकाली काढायची सूचना आहे आणि उत्तर पटलं नाही तर अपील करता येतं. मात्र त्या पोर्टलवर ‘सूचना’ आणि न्यायप्रविष्ट प्रकरणं घेत नाहीत. ‘नव्या पंतप्रधानांनी तरुणांना रोजगार द्यावा’ हे तिथे सूचना ठरून बंद होतं. कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयाने, काय द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, असं लिहिलं तरच ती तक्रार. राज्याची बाब असेल तर कर्नाटकाच्या जनस्पंदनकडे जा, हेल्पलाइन १९०२.

दुसरा रस्ता लोकसभेकडे अर्ज, ज्यावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी घेऊन तो सभागृहात मांडला जातो. मराठीत लिहिता येतो, पण हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर अर्जदाराची सही लागते. सह्या करणाऱ्यांचं नाव, पत्ता, सही किंवा अंगठा, सगळं हवं. अर्जाला दुसरे कागद जोडायला परवानगी नाही, त्यामुळे पाहणीचे आकडे मजकुरातच घाला. न्यायालयासमोर असलेला आणि मुळात विधानसभेत मांडायचा, असे दोन्ही विषय या अर्जात चालत नाहीत. म्हणजे सीमाप्रश्न आणि शिक्षकाची जागा, दोन्ही इथे बाद. रेल्वे, महामार्ग, उसाचा दर चालतं.

तिसरा रस्ता खुद्द खासदार, आणि हाच सगळ्यात जवळचा. पण तुमचा खासदार कोण, हे गावात किती जणांना बरोबर सांगता येतं ते विचारून बघा. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये मोडतो. निपाणी चिक्कोडीत. बेळगावचे उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण हे तीन भाग बेळगाव मतदारसंघात. खानापूरची निवेदनं बेळगावच्या खासदाराच्या कार्यालयात नेऊन देणारे दरवर्षी निघतात, आणि ती तिथेच राहतात.

पंतप्रधान कसा बदलला यावर वेळ ठरवा. मुदतीच्या मधेच बदलला असेल तर लोकसभा तीच, खासदार तोच. पंतप्रधान गेला की त्याचं सगळं मंत्रिमंडळ जातं, त्यामुळे पत्र मंत्र्याच्या नावाने न लिहिता पदाच्या नावाने लिहा. निवडणुकीने बदलला असेल तर विसर्जित लोकसभेपुढचे अर्ज लोकसभेबरोबरच संपतात, जुन्या अर्जाची वाट बघत बसू नका, नवा करा. खाती शपथेनंतर वाटली जातात. २०२४ मध्ये शपथ ९ जूनला आणि खातेवाटप १० जूनला झालं. तरी नवा मंत्री, नवे सचिव जागेवर बसायला तीन-चार आठवडे द्या. तेवढ्या वेळात तुमची पाहणीही होते.

सीमाप्रश्नाची गड्डी टाकून मात्र देऊ नका. दाव्याचा निकाल लागेपर्यंत केंद्राच्या हातात जे आहे ते मागा. कलम ३५० प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा तुम्हाला हक्क आहे. कलम ३५० अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याबद्दल राज्याला सांगितलं आहे आणि त्यासाठी राष्ट्रपती निर्देश देऊ शकतात. कलम ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. त्यांचा अहवाल संसदेपुढे जातो. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचनांची त्या भाषेत भाषांतरं द्यायची, हे राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षणांत आहे. तो कायदा नाही, कोर्टात खेचून आणता येत नाही. पण आयुक्तांच्या अहवालात नोंद व्हावी म्हणून तारखेसह, फोटोसह लिहिता येतं : अमुक तारखेची सूचना फक्त कानडीत लागली, मराठीत नाही. अशा दहा नोंदी एका घोषणेपेक्षा जड पडतात.

निवेदन एकाच पानाचं करा. वर तीन मागण्या, प्रत्येकीसमोर पाहणीतला आकडा आणि एका माणसाचं एक वाक्य, नाव न घालता. खाली पाहणी कशी केली ते चार ओळींत. तहसीलदारांमार्फत द्यायचं असेल तर पाचपेक्षा कमी माणसांनी जा. इथे जमावबंदी केव्हा लागेल सांगता येत नाही. मोर्चा काढायचा असेल तर पोलिसांची लेखी परवानगी आधी.

ग्रुपचं थोडक्यात. पोल उडवा आणि काही दिवस ‘फक्त ॲडमिन’ करून ठेवा. भाषेवरून तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि पोलिसांना स्क्रीनशॉट सहज मिळतो. बाहेर पडलेल्या दोन घरांना ग्रुपवर आणायची घाई नको. तुम्ही स्वतः त्यांच्या दारात जा, चहा घ्या, आणि पाहणीचा फॉर्म कानडीत बरोबर आहे का ते त्यांच्याकडून तपासून घ्या. आपल्या गावची कानडी सरकारी कानडीपेक्षा वेगळी आहे, तिथे तुम्हाला त्यांचीच मदत लागणार आहे.

वाचनालयात एक जाड वही घाला. तारीख, कोणाला पाठवलं, पोचपावतीचा किंवा पोर्टलचा नंबर, उत्तराची तारीख, उत्तरात काय आलं, असे पाच रकाने पुरेत. पोस्टाने पाठवाल ते स्पीड पोस्टनेच, पावती त्याच पानावर डिंकाने चिकटवा. पावतीवरची शाई वर्षभरात उडते, म्हणून नंबर पेनाने शेजारी उतरवून ठेवा.